डुकरं हाकलणारं गाणं

आमच्या भागात एक रॉक बँड होता. हसून घ्या. चंद्रपूर म्हटलं की तुम्हाला वाघ, कोळसा आणि उन्हाळा आठवतो, गडचिरोली म्हटलं की तुम्ही आवाज खाली करता. इथली पोरं हातात गिटार घेऊन स्वतःच्या मनातलं गात असतील, असं तुमच्या डोक्यातसुद्धा येत नाही. बँडचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही मोबाइलवर शोधाल, काही सापडणार नाही, आणि मग म्हणाल की असा बँड नव्हताच.

होता. तिघं होते. गाणारा सिंदेवाहीजवळच्या खेड्यातला, धान लावणाऱ्या घरचा. ड्रम वाजवणारा लग्नाच्या धुमाल पार्टीतून आलेला. वरातीपुढच्या गाडीवर उभं राहून वाजवायची सवय, त्यामुळे खुर्चीवर बसवला की अर्ध्या गाण्यात उठून उभा राहायचा. गिटारवाला चंद्रपूरचा, बाप ठेकेदाराकडे कामाला. चंद्रपूरच्या एकाच कॉलेजात आम्ही सगळे. मी तेव्हाही संघटनेची पत्रकं लिहायचे, आताही लिहिते. त्यामुळे मला लांबण लावून, फुलं चढवून लिहिता येत नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

हॉस्टेल सोडून जाणाऱ्या कुणा सीनियरने गिटारवाल्याला एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यात परदेशी पोरांची जुनी गाणी. या प्रकाराला इमो म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. रॉकच, पण गाणारा आपली जखम झाकत नाही. मध्येच त्याचा आवाज फाटतो आणि तो फाटलेला तसाच ठेवतात, पुन्हा नीट गाऊन घेत नाहीत. इंग्रजी आम्हाला अर्धमुर्धं कळायचं. सोडून गेलेला मित्र, घरात न बोलणारा बाप, रिकामी दुपार, असलं काहीतरी. आमच्या गाणाऱ्याने ते कानाला लावून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "असं बी गाता येते? मंग आपण काऊन नाई?"

मला तेव्हा रागच आला होता. मी म्हटलं, "लोकाईच्या जमिनी चालल्या अन् तुम्ही रडून राह्यले?"

"लीडर," तो मला लीडरच म्हणायचा, "माह्या घरी रडाले मोर्चा काढा लागते का?"

सराव सिंदेवाहीबाहेरच्या एका राईस मिलच्या गोदामात. हंगाम संपला की मालक चावी द्यायचा. बदल्यात पोरांनी त्याच्या मुलीच्या लग्नात फुकट वाजवायचं असं ठरलं होतं. गोदामात कोंडा इतका की गिटारमध्ये जाऊन बसायचा. गिटारवाला दात घासायच्या ब्रशने तो काढत बसायचा. अँप्लिफायर धुमाल पार्टीने टाकून दिलेला. मी कोपऱ्यातल्या पोत्यांवर बसून पत्रकाचा मजकूर लिहायचे आणि लिहिता लिहिता थांबायचे, कारण ती गाणी चांगली होती. हे मी आज ठासून सांगते. महाराष्ट्रात त्या काळात मराठीत गाणारे जे कोणी बँड होते, ज्यांचे फोटो आले, ज्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्यापैकी कुणाकडे असं गाणं नव्हतं. एक गाणं मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आणि परत आल्यावर कुणाशीच न बोलणाऱ्या मित्राचं. एक बापाचं, जो जेवताना ताटाकडेच बघतो. सगळं झाडीबोलीत. 'मले', 'तुले' असं गाण्यात ऐकलं की शहरातले लोक विनोद समजून हसतात. पोरांनी ते बदललं नाही.

आणि एक गाणं आईचं. त्यासाठी हे लिहिते आहे.

त्याची आई, तो बारावीत असताना, चैत्रात मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने नेली. आमच्याकडे हे वाक्य असंच सांगतात, एका दमात. मोह वेचायला बाया भल्या पहाटे निघतात. जंगलात पांगल्या की एकमेकींना कुकारा देतात. एकीने 'कूऽऽऊ' केलं की ज्या कुणाला ऐकू येईल तिने 'ओऽऽ' द्यायची. कोण कुठे आहे, आहे की नाही, ते त्यावरून कळतं. कुणाचाही कुकारा असो, ओ द्यावी लागते. भांडण असलं तरी. ओ आली नाही तर सगळ्या वेचणं टाकून त्या दिशेने जातात. त्या दिवशी त्याच्या बापाने दुपारपर्यंत कुकारे दिले होते.

गाण्याच्या शेवटी शब्द संपायचे. ड्रम थांबायचा, गिटार नुसती घरघरत राहायची आणि तो कुकारा द्यायचा. एकदा, थांबून पुन्हा, मग आवाज फाटेपर्यंत. मध्ये जागा सोडलेली, ओ येण्यासाठी. ती यायची नाही. गाणं तिथे संपायचं.

चंद्रपूरच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं म्हटलं तेव्हा मागच्या रांगांतून पोरं ओरडली, "डीजे लाव रे!" कुणीतरी कोल्ह्यासारखं हुऽऽ केलं, हॉल हसला. साउंडवाल्याने आवाज बंद केला. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "आता वातावरण जरा प्रसन्न करूया." त्या हॉलमधल्या निम्म्या पोरांच्या गावात कुणी ना कुणी असंच गेलेलं असेल. हसले. शहरात दोन वर्षं राहिलं की माणसाला आपल्याच गावचा आवाज कोल्ह्यासारखा वाटतो.

नंतर दिवाळी सरली आणि गाणाऱ्याच्या गावची मंडई आली. मंडई म्हणजे आमची जत्रा. पाहुणे येतात, दुकानं लागतात, पुढे नाटक असतं. नाटकवाल्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती. सरपंच घायकुतीला आले, म्हणाले, "या पोट्ट्याईले चढवा तवरिक." उन्हं कलायला आली होती. पोरं चढली. मिरचीचं गाणं लोकांनी गप्प बसून ऐकलं. बापाचं ऐकताना म्हातारे एकमेकांना ढोसायला लागले. मग आईचं. शब्द संपले. त्याने कुकारा दिला.

आणि बायांच्या बाजूने ओ आली.

एकदम. पन्नास-शंभर गळ्यांतून. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. भजी खात असलेल्या, पोर पाजत असलेल्या बायांनी मान वर करून 'ओऽऽ' दिली, कारण कुकारा आला की देतात. गाणारा माइकपाशी तसाच उभा. त्याच्या गाण्यात ओ यायची सोयच नव्हती, पुढे काय करायचं त्याला माहीत नव्हतं. ड्रमवाला उठून उभा राहिला. मी आजवर मोर्च्यांत हजारो माणसं ओरडताना ऐकली आहेत. तशी ओ ऐकली नाही.

तिथे आमच्या संघटनेचे पुढारीही होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ते म्हणाले, "पब्लिक पकडते पोरगा. पण मागणी कुठाय गाण्यात? शेवटी नुकसानभरपाईचं एक कडवं टाक म्हणा. धरण्यावर आणू." मी निरोप पोचवला. गाणाऱ्याने विचारलं, "कुकाऱ्याच्या आधी टाकू का नंतर?" मी तेही पोचवलं. भाऊंना त्यातली चीड कळली नाही. ते म्हणाले, "आधी."

बँड धरण्यावर आला नाही. कुठेच फारसा आला नाही. गिटारवाला पुण्याला नोकरीला गेला. गाणी त्याच्या लॅपटॉपवर होती. मागे फोन करून विचारलं तर म्हणाला, "अगं तो लॅपटॉप? कधीच विकला." इतकं सहज, की मी फोन ठेवून दिला. गाणारा घरी परतला. बापाबरोबर धान करतो आणि माल वाहायची एक छोटी गाडी चालवतो. ड्रमवाल्याने सिंदेवाहीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. झाला बँड. कुणी बातमी छापली नाही. छापायला तो आहे हे आधी माहीत असावं लागतं.

आता डुकरांचं सांगते. धान निसवून लोंब्या आल्या की रानडुकरं शिवारात उतरतात आणि खातात त्याहून जास्त लोळून नासवतात. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मळणी होऊन जाते. म्हणून लोक शेतात भोंगा लावतात. बॅटरी, स्पीकर, एक मेमरी कार्ड. बांबूवर टांगायचा, दिवस कलला की चालू करायचा. त्यातून कुत्री भुंकतात, फटाके वाजतात, माणसं ओरडतात. ड्रमवाला हे भोंगे बनवून विकतो. आणि या वर्षी त्याने त्यात आईच्या गाण्याचा शेवट टाकला. पूर्ण गाणं त्याच्याकडे नव्हतंच. सरावाच्या वेळी मोबाइलवर घेतलेला तेवढाच तुकडा उरला होता.

मी त्याच्या दुकानात जाऊन भांडले.

"ताई, ऐक त खरं," तो म्हणाला. "डुक्कर आठ दिवसात शिकते. कुत्रा लावला, शिकला. वाघाची डरकाळी लावली. तं त्याले समजलं का हा वाघ रोज एकाच जागी बसून तेच ते बोलते, म्हणजे हा साहेब आहे, याच्यापासून काई धोका नाई. फक्त याच्या आवाजाले शिकत नाई. का माहीत का. भेव लागते त्याले."

"अरे, त्याच्या आईचं गाणं आहे ते."

"मी बी वाजवलं आहे ना त्याच्यात." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "चंद्रपूरच्या हॉलात कोणी ऐकलं नाई. आता पूर्ण शिवार ऐकते. मी वाईट केलं का?"

मी तो स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्या हातात दिला आणि निघाले.

पण मला बोलावलं होतं गाणाऱ्याने, आणि त्याला गाण्याची पडलेली नव्हती. त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं: "लीडर, बाबा रोज जाऊन राह्यले."

कुठे, ते मी गेल्यावर पाहिलं. संध्याकाळ. अंगणात आम्ही तिघं, चहा झालेला. शेतातून भोंगा सुरू झाला: कूऽऽऊ. मुलाचा आवाज, त्या वेळचा, कोवळा. बाबा उठले, भिंतीची काठी घेतली, शेताकडे तोंड करून 'ओऽऽ' दिली आणि बांधावरून चालू लागले. त्याच आठवड्यात कालव्याच्या पाळीवर पिल्लांसह वाघीण दिसली होती. सगळ्या गावाला माहीत होतं. दिवस कलल्यावर कुणी एकटं बांधावर जात नव्हतं.

तो मागे धावला. मीही.

"बाबा, मशीन आहे ते. मीच आहे त्याच्यात!"

"मले माहीत आहे. कान फुटले नाई माहे."

"मंग काऊन जाता?"

"कुकारा आला त ओ द्या लागते. ओ देल्ली त जा लागते. मशीन आहे का माणूस, हे आधी इचारू अन् मंग ओ देऊ का?"

"वाघीण आहे तिकडं."

"म्हणून त जातो," बाबा म्हणाले. "त्या भोंग्यापाई आता कोणी ओ देत नाई गावात. आयकून बसून राह्यतेत. एकांदीचा खरा असला तं?"

आम्ही त्यांना धरून आणलं. दुसऱ्या दिवशी गाणारा लवकर घरी आला आणि बाहेरून दार ओढून घेऊन उंबऱ्यावर बसला. बापाला कोंडायचं, आणि शेतातून स्वतःचाच आवाज आईला बोलावतोय. बाबांनी दार वाजवलं नाही. आत बसून ओ देत राहिले. तो मला म्हणाला, "मले ते गाणं बंद पाह्यजे. सगळीकडून. नाई त एक दिवस मी घरी नसीन, अन् हे जातीन."

शिवारात सगळ्यात पुढचा भोंगा शेजारच्या काकूंचा. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या कुणाला घाबरणाऱ्या नाहीत.

"तुह्या आवाजानं माहा धान वाचला, बापू," त्या म्हणाल्या. "देवासारखं नाव घेतो मी तुह्या गळ्याचं. आता काढू म्हणतं? मंग तू बसशील का रातभर माह्या शेतात डबा वाजवत?"

"काकू, बाबा जातेत ना."

"त बाबाले समजाव. डुकराले कोण समजावन?" मग त्या बाबांच्या अंगणाकडे वळल्या. बाबा त्यांच्या अडीअडचणीला कितीदा धावून आले होते, ते त्यांना आठवत असावं. "बरं. दुसरा आवाज आण. पण डुक्कर पळला पाह्यजे. नाई पळला त माहा तोच लावीन."

म्हणून आम्ही ड्रमवाल्याला घेऊन काकूंच्या बांधावर आवाज भरायला बसलो. आधी नुसता ड्रम. त्या संध्याकाळी डुकरं आली आणि निवांत जेवून गेली. मग गाणाऱ्याने शिव्या दिल्या. पहिल्यांदा मी त्याला इतक्या मोकळ्या गळ्याने ओरडताना ऐकलं. ड्रमवाला हसून खाली बसला. काकूंनी मोडता घातला, "पोरीबाळी जातेत बांधावरून, हे घाण माह्या शेतात नाई पाह्यजे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही बाई तहसीलपुढं ओरडते ना? मी आयकलं आहे. हिचा लाव."

मी नाही म्हणाले. गाणारा म्हणाला, "लीडर. बाबासाठी."

मी ओरडले. 'आमच्या मागण्या' म्हणून थांबायचं, मोकळी जागा सोडायची, मग पुढची घोषणा. समोर गर्दी नाही, झेंडा नाही, बांधावर दोन पोरं आणि एक काकू. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. ड्रमवाला म्हणाला, "ताई, जरा रागानं." राग होताच. भाऊंवर होता, हॉलमधल्या हसणाऱ्यांवर, लॅपटॉप विकणाऱ्यावर, कुठल्याही साहेबाला ऐकू न जाणाऱ्या माझ्या स्वतःच्या आवाजावर. सगळा काढला.

डुकरं आली नाहीत. चार दिवस, आठ दिवस, आली नाहीत. माझ्या घोषणांना आजवर कुणी घाबरलं नव्हतं. काकूंनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी पुढच्यांना. ड्रमवाल्याने भोंगे एकेक करून दुकानात आणले आणि कार्डं बदलली. गाणारा शेजारी उभा राहून मोजत होता, एकही राहू नये म्हणून.

शेवटी म्हणाला, "तुह्या मोबाइलमधलं बी."

ड्रमवाल्याचा चेहरा उतरला. "राहू दे ना लेका. आपल्या जवळ तेवढंच त आहे."

"नाई."

मी म्हटलं, "मला दे. मी कुठे लावणार नाही."

"तू? तू धरण्यावर लावशील."

"फक्त ऐकायला मागते."

"आयकलं ना तू. मंडईत आयकलं." त्याने मोबाइल हातात घेतला. "बाया ओ देत होत्या तवा तू होती तिथं. तेच धर."

त्याने पुसलं. आमच्या भागात इमो गाणारा जो पहिला बँड झाला, त्याचा शेवटचा आवाज असा गेला: बाजारातल्या दुकानात, अंगठ्याने. कुणा शत्रूने केलं असतं तर मी पत्रक काढलं असतं, मोर्चा नेला असता. ज्याचं होतं त्यानेच केलं, आणि बरोबर केलं, हे मला मान्य आहे. राग त्याने कमी होत नाही. वाढतो. एक गाणं ऐकायला माणसं मिळाली नाहीत, डुकरं मिळाली; आणि डुकरांना तरी त्याची भीती वाटली. तुम्हाला तर तेवढंही वाटलं नाही.

परवा बैठकीसाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे जेवायला थांबले. दिवस कलला होता. बाबा बाजेवर ताट घेऊन बसले होते, मुलगा गाडीचं चाक बघत होता. शिवारातल्या भोंग्यातून मी ओरडले, "आमच्या मागण्या!"

"मान्य करा," बाबा तोंडातल्या घासासकट म्हणाले. भात कालवत मला विचारलं, "कोनत्या आहेत व बाई, मागण्या?"

मी सांगायला लागले. ते ऐकत होते की नाही माहीत नाही. मी शेतात पुन्हा ओरडले, मग पुन्हा. काठी भिंतीला होती. कुणीही उठलं नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं.